भूमीच्या पोटांतील ऊब आणि गारवा

अकोल्याच्या जुन्या शहरांत, मोर्णेच्या कांठीं, वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्याच वेळीं खोल विहिरीचें पाणी अंगास गार लागतें, आणि पौषांतील पहाटे तेंच कोमट भासतें. वस्तुतः पाणी बदलत नाहीं. बदलते ती बाहेरची हवा. दिवसरात्रीचा फरक जमिनीखालीं हात-दोन हातांतच मावळतो, व सुमारें १० मीटरांवर ऋतूंचाही मागमूस उरत नाहीं. तेथें उष्णतामान बारमाही वार्षिक सरासरीइतकें, म्हणजे अकोल्यास सुमारें २७-२८ अंश, राहतें.

याहून खालीं मात्र तें वाढूं लागतें. स्थिर भूभागांत ही वाढ दर किलोमीटरास साधारण २५ ते ३० अंश असते. वऱ्हाडचा काळा पाषाण ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. ती आग केव्हांच निवली. मग मोर्शी तालुक्यांतील सालबर्डीचा किंवा पैनगंगेकांठच्या उनकेश्वराचा झरा ऊन कसा? पावसाचें पाणी भेगांवाटे खोल उतरतें, खडकाची ऊब घेतें आणि दुसऱ्या वाटेनें वर येतें. त्यासाठीं ज्वालामुखी लागत नाहीं. पॅरिसच्या परिसरांतही ज्वालामुखी नाहीं. तरी तेथें १९६९ पासून दीड-दोन किलोमीटर खोलीवरील ऊन पाण्यानें घरें उबविलीं जातात.

अकोल्याची निकड उलट आहे. येथें ऊब नको, गारवा हवा. घर गार करणारें यंत्र खोलींतील उष्णता ४५ अंशांच्या हवेंत लोटतें, तेव्हां त्यास फार वीज लागते. तीच २८ अंशांच्या जमिनींत सोडल्यास श्रम कमी पडतात. जमिनींत पुरलेल्या बंद नळ्यांतून पाणी फिरवून हें साधतें. विहिरीचा थेंबही खर्च होत नाहीं, आणि खारपाण पट्ट्यांतील खारें पाणीही आड येत नाहीं.

अडचण निराळीच आहे. थंड देशांत उन्हाळ्यांत जमिनीस दिलेली उष्णता हिवाळ्यांत परत घेतात. अकोल्यांत ती परत मागणारा कोणी नाहीं. ती साठत गेल्यास जमीनच तापेल व लाभ संपेल. म्हणून नळ्यांत पुरेसें अंतर हवें, आणि थंडीच्या रात्रीं तेंच पाणी उघड्या हवेंत निववून जमीन पुन्हा गार करावयास हवी. शिवाय कठीण पाषाणास भोकें पाडण्याचा खर्च एका घरास झेपणारा नव्हे; रुग्णालयासारख्या संस्थेसच तो पेलेल.

तत्पूर्वीं एक काम अल्प खर्चांत होण्याजोगें आहे. जुन्या विहिरींत दोरीस उष्णतामापक बांधून बारा महिने नोंद ठेवावी. गारव्याचें भांडवल किती, हें मोजल्यावांचून तें खर्चण्याची भाषा व्यर्थ होय. आणि केरकचऱ्यानें विहीर एकदां बुजली, म्हणजे तें मोजण्याची सोपी वाटही बुजते.