दार कोणाला उघडायचं?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला बँकेतल्या आठवणी सांगायला सांगितलं होतं. त्या चहाच्या वेळी सांगेन. आत्ता बोलतो ते सोसायटीच्या ऑफिसात कपाटावर ठेवलेल्या काळ्या डब्याबद्दल, म्हणजे राऊटरबद्दल. गेटवरचे, लिफ्टमधले, मुलांच्या खेळायच्या जागेतले कॅमेरे बाहेर कोणाला दिसायचे, हे तो ठरवतो. त्याला कोण सांगतं, हा प्रश्न आहे.

राऊटर हा आपला वॉचमनच. आतला माणूस बाहेर गेला तर तो अडवत नाही, आतून मागवलेलं आलं तर सोडतो, न बोलावता आलेल्याला थांबवतो. मूळ व्यवस्था चांगली आहे, बिघडवतो आपण. कॅमेरे बसवणारा माणूस मोबाईलवर चित्र दिसावं म्हणून 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून जातो. म्हणजे अमुक नंबरच्या दारावर कोणीही आलं तरी न विचारता थेट रेकॉर्डरपाशी पोचवा. कोणीही म्हणजे नुसते बी विंगवाले नव्हेत, जगातलं कोणीही! मग राखणीला उरतो फक्त रेकॉर्डरचा पासवर्ड, तोही बरेचदा कारखान्यातून आलेलाच. २०१६ साली 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे नेहमीचे साठेक पासवर्ड लावून पाहत लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यांच्याकरवी केलेल्या माऱ्याने त्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या.

गेल्या दिवाळीत कमिटीच्या परवानगीने मी आणि सी विंगमधला एक कॉलेजकुमार राऊटरचं पान उघडून बसलो. चार नियम निघाले. एक कॅमेऱ्यांचा. दोन कशाचे, हे कोणालाच सांगता येईना. ते बंद केले आणि कोण ओरडतं ते पाहत बसलो. आजतागायत कोणी ओरडलेलं नाही. चौथा होता हजेरीच्या यंत्राचा. यंत्र केव्हाच भंगारात गेलं, पण नियम जागेवर! तो १९२.१६८.१.२० या आतल्या पत्त्याकडे बोट दाखवत होता, आणि तो रिकामा झालेला पत्ता राऊटरने दरम्यान ऑफिसच्या कॉम्प्युटरला देऊन टाकला होता. त्या कॉम्प्युटरात मेंटेनन्सचा हिशेब आहे, भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती आहेत. माझ्या मते कॅमेऱ्यांपेक्षा हे जास्त गंभीर.

बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचं रजिस्टर असायचं. किल्ली कोणी, कोणाला, कधी दिली, सही कोणाची. जादा किल्ल्या सीलबंद करून दुसरीकडे. इथेही तेच हवं. नियम कोणत्या यंत्रासाठी, कोणी मागितला, पुन्हा कधी तपासायचा, हे वहीत. राऊटरचा पासवर्ड सीलबंद पाकिटात. नवी कमिटी आली की दप्तराबरोबर वही आणि पाकीटही सुपूर्द करायचं. कॉलेजकुमाराने आणखी एक दाखवलं: जिथे नियमांची यादी असते तिथे ती बहुधा वरून खाली वाचली जाते आणि पहिला लागू पडला की वाचन थांबतं. वर 'सगळ्यांना सोडा' लिहिलंत तर खाली कितीही मनाई लिहा, उपयोग शून्य.

मुलं परदेशी असलेल्यांची नाराजी मला ठाऊक आहे. "आमच्या पैशांचे कॅमेरे, आम्हालाच बंदी?" बंदी नाही. कॅमेऱ्यांचा उघडा नियम काढून त्याजागी व्हीपीएन घेतला आहे: आधी ओळख पटवायची, मग आत. तोही गेटच्या कॅमेऱ्यापुरता. खेळायच्या जागेचा कॅमेरा कोणाच्याही मोबाईलवर जाणार नाही, माझ्या नातवंडांच्या बापाच्यासुद्धा नाही.

घरच्या राऊटरवर 'रिमोट मॅनेजमेंट' आणि 'यूपीएनपी' ही दोन बटणं बंद आहेत का, ते आज रात्री बघा. दुसरं चालू असेल तर घरातली यंत्रं आपल्याला न विचारता दारं उघडून घेतात.

वही ऑफिसात आहे. पहिल्या पानावर सध्या एकच नियम आहे. दुसऱ्यासाठी ए विंगमधून अर्ज आलाय, तो रविवारच्या मीटिंगला घेऊ.