पुस्तकात बघून केलेला स्वयंपाक

(मंडळाच्या महिन्याच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच्या वक्त्यांनी कादंबऱ्या आणि कविता वाटून घेतल्या, तेव्हा माझ्या वाट्याला उरली स्वयंपाकाची पुस्तकं. माझी काही तक्रार नाही. घरात सर्वांत जास्त हळदीचे डाग त्यांच्यावरच असतात.

इथे अमेरिकेत आपल्यापैकी बहुतेकांकडे कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आहे. १९७० साली निघालेलं हे पुस्तक कोणाला आईने बॅगेत घालून दिलं, कोणाला आहेरात मिळालं. शेजारी मंगला बर्वे यांची 'अन्नपूर्णा' असते, एखाद्या घरी सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका'. पण ती उघडतात कधी? दिवाळीच्या आधी, चकलीच्या भाजणीपुरती! बाकीची पानं कोरी करकरीत. जे आईच्या हातचं खाल्लं तेच आपण करतो, आणि पुस्तक लागतं ते फक्त आठवण पक्की करायला.

मी काही वर्षांपासून उलटं करते. महिन्यातून एकदा असं पान काढायचं, की जो पदार्थ मी जन्मात खाल्लेला नाही. पहिल्या वेळी पुस्तकात आहे तसाच करायचा. "आमच्याकडे यात गूळ घालतात" हे वाक्य त्या दिवशी बंद.

आम्ही सोलापूरकडचे, समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत. त्यामुळे तेफळ घातलेलं बांगड्याचं हुमण ही माझ्यासाठी परदेशी पाककृतीच. बांगडा आशियाई दुकानात सहज मिळतो. तेफळ मिळालं नाही तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी बघा, ती तेफळाची जवळची नातेवाईक. संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग लागेल या भीतीने तिच्या आयातीवर अमेरिकेत १९६८ पासून बंदी होती. २००५ मध्ये ती उठली, पण उष्णता देऊन निर्जंतुक केलेल्या मालापुरतीच. चव अगदी तीच नाही. सिचुआन मिरी जिभेला जास्त मुंग्या आणते, म्हणून बेताने घाला.

आता खरी गंमत. तेफळातली काळी बी काढून टाकायची, साल जरा ठेचून शेवटी घालायची, आणि जेवताना ते चावायचं नाही, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. हे मला गोव्याच्या एका मैत्रिणीने फोनवर सांगितलं. "हे काय लिहायचं असतं?" म्हणाली. तिच्या घरी खरंच लिहायची गरज नव्हती. ज्या घरासाठी पुस्तक लिहिलं जातं, त्या घरात विचारायला कोणीतरी उभं असतंच, असं गृहीत धरलेलं असतं.

जुन्या पुस्तकांत तर हे फारच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं. तो काळ शेर-तोळ्यांचा. एक शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. हे गणित सोपं, कॅल्क्युलेटर करतो. 'मंद आच' मात्र कॅल्क्युलेटरला विचारता येत नाही. आणि इथल्या इलेक्ट्रिक शेगडीची आच कमी केली तरी तवा पाच मिनिटं तापलेलाच राहतो!

कधीकधी उलट आपली सोयच होते. पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांतलं कोबीचं भानोलं घ्या. बारीक चिरलेला कोबी, बेसन, आलं-लसूण-मिरची, हवी तर कोलंबी. पूर्वी भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. म्हणजे आपला ओव्हनच की! ३५० अंश फॅरनहाइटला पाऊण तासात वरून छान तांबूस होतं. आमच्या पॉटलकला ते पहिलं संपतं.

वाटीचा घोळही सांगते. माझी स्टीलची वाटी मोजली तर १६० मिलिलिटर भरली, इथला कप जवळजवळ २४०. सगळंच वाटीने असेल तर बिघडत नाही, प्रमाण राहतं. पण 'चार वाट्या पीठ आणि दोन नारळ' आलं, की कप घेऊन चालत नाही.

हे सगळं मी का सांगते आहे? गेल्या वर्षी मुलगा कॉलेजच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेला. साध्या आमटीची कृती मी त्याला ईमेलने पाठवली, सहा ओळी. उलट अकरा प्रश्न आले. डाळ शिजली हे कसं कळतं? फोडणी 'झाली' म्हणजे काय? डाळीला तेल का लागलंय? (इंडियन स्टोअरमध्ये तेल लावलेली तूरडाळही मिळते, ती गरम पाण्याने धुवावी लागते. हे मी लिहिलंच नव्हतं, कारण हे काय लिहायचं असतं?) मला जसं हुमण, तशी त्याला आमटी. खाल्लेली आहे एवढाच फरक, होताना कधी पाहिलेली नाही.

तेव्हापासून 'रुचिरा'च्या समासात मी पेन्सिलीने लिहिते. पहिल्या पानावर माझ्या वाटीचं माप आहे. आमटीपाशी लिहिलंय: डाळ बोटांत दाबली की पीठ झालं पाहिजे; मोहरी तडतडायची थांबली की हिंग-हळद, आणि लगेच डाळ ओत; त्याआधी पंखा लाव, नाहीतर स्मोक अलार्म वाजेल. मराठी त्याला सावकाश वाचता येतं, म्हणून अक्षर मोठं काढते. आत्ता कोशिंबिरींच्या पानांवर आहे.