प्रवास, पुरावा आणि हक्क

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या थांब्यावर एसटीत चढलेल्या आजोबांकडे कंडक्टर आधार कार्ड मागतो. ते रास्तच आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, तेव्हा वयाचा पुरावा हवाच. पूर्ण तिकीट काढणाऱ्याला मात्र नाव-गाव कुणी विचारत नाही. हा मोकळेपणा फार मोलाचा आहे. कारण याच कोल्हापुरात, संस्थानाच्या काळात, महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज गावकामगारापुढे हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून परगावी जाणं म्हणजे गुन्हा. ती हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली. आज संविधानाचं कलम १९ देशभर फिरण्याचा हक्क देतं आणि २०१७ पासून खासगीपणाही मूलभूत हक्क आहे. म्हणून लॉजवर कुणी आधारची झेरॉक्स मागितली, तर ती कशासाठी, हे जरूर विचारा.