फोनला गाणं कळत नाही

(कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, संगीतावरचं व्याख्यान समजून कुणी आलं असेल तर आधीच सांगून टाकतो, विषय फोनचा आहे. गाणी फोनमध्ये भरलेली असतात, पण सापडत नाहीत. सापडली तर नावांच्या जागी चौकोन दिसतात. नावं दिसली तर ख्याल ऐन रंगात आलेला असताना बंद पडतो. यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं संयोजकांपैकी एकांनी विचारलंही. इतरत्र नसेल, कोल्हापुरात आहे. जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब 1895 मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयाला आले ते याच गावात. इथल्या गाण्यातल्या माणसाचा फोन उघडला की केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, बालगंधर्व, गीतरामायण, भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतली गाणी आणि भाच्याच्या हळदीचा डीजे हे सगळं एकाच ॲपमध्ये दाटीवाटीनं बसलेलं असतं. ॲप बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र एक गायक, एक अल्बम आणि दहा गाणी एवढाच संसार होता.

फोनला गाणं कळत नाही, हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा. भूप चाललाय की देशकार, त्याला पत्ता नसतो. फाइलला जोडलेली एक चिठ्ठी तो वाचतो आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. या चिठ्ठीला टॅग म्हणतात. लोक ॲपवर वैतागतात, दुसरं ॲप उतरवून घेतात, मग तिसरं. नवं ॲपही तीच चिठ्ठी वाचतं आणि तोच घोळ घालतं. दुरुस्ती फाइलची करायची असते.

ही चिठ्ठीची कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजाननं ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गपुढे गाणी मुद्रित केली. तबकड्या घडायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला ना भाषा कळणार, ना राग. म्हणून गाणं संपता संपता ती स्वतःचं नाव इंग्रजीत खणखणीत आवाजात सांगायची. तो आवाजातला टॅगच, आणि गाण्याच्या शेवटी लावलेला. पुढे 1996 मध्ये एरिक केम्प यांनी एमपीथ्री फाइलसाठी आयडीथ्री हा टॅग काढला, तोही फाइलच्या शेवटीच चिकटवला. एकूण 128 बाइट जागा. त्यात गाण्याच्या नावाला 30, गायकाला 30, अल्बमला 30, सालाला 4, शेऱ्याला 30 आणि संगीतप्रकाराला एक. प्रकारांची यादी ठरलेली, 80 नावांची. तिच्यात पोल्का आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, नाट्यसंगीत तर नाहीच.

आता 30 बाइटांत मराठी बसवून बघा. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे 30 बाइटांत दहा चिन्हं. ‘मल्लिकार्जुन मन्सूर’ लिहायला गेलात की ‘मल्लिकार्ज’पाशी जागा संपते. मन्सूर तर सोडाच, ‘जुन’मधल्या ‘ज’ला उकारसुद्धा मिळत नाही. 1998 मध्ये या टॅगची दुसरी पिढी आली, चिठ्ठी फाइलच्या सुरुवातीला गेली, जागेची अडचण संपली. पण जुन्या फाइलींत जुनी चिठ्ठी शिल्लक राहते, काहींत दोन्ही असतात आणि दोन्हींत वेगळी नावं असतात. एका फोनवर नाव पूर्ण आणि गाडीतल्या प्लेअरवर अर्धं दिसतं, त्याचं हे एक कारण. टॅग दुरुस्त करण्याच्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये, उदाहरणार्थ संगणकावरच्या एमपीथ्रीटॅगमध्ये, जुनी चिठ्ठी काढून टाकायची सोय असते. ती काढून टाका. तिचं आता कुणाला काही काम नाही.

नावं बिघडलेली दिसली की घाबरून फाइल पुसू नका. आधी बिघाड कसला आहे ते बघा. तीन तऱ्हा आहेत. नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे. त्या यंत्राकडे फक्त देवनागरी फाँट नाही. बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओत हेच होतं. गाडीच्या पेनड्राइव्हसाठी रोमन अक्षरांतल्या नावांची वेगळी प्रत ठेवणं हाच त्यावर सोपा उपाय. दुसऱ्या तऱ्हेत विचित्र युरोपी अक्षरं येतात, आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दर दोन चिन्हांआड पुन्हा पुन्हा भेटतो. तो दिसला की खुशाल व्हा. देवनागरीच्या तीन बाइटांतला पहिला बाइट सगळ्या अक्षरांना सारखाच असतो आणि पश्चिम युरोपच्या लिपीतक्त्यात तो त्या ‘ए’ची जागा घेतो. मजकूर बरोबर आहे, वाचणारा चुकीच्या तक्त्यावरून वाचतोय. टॅगच्या प्रोग्रॅममध्ये योग्य तक्ता निवडला की मराठी परत येते. तिसरी तऱ्हा नुसत्या प्रश्नचिन्हांची. तिथं मात्र अक्षरं कायमची गेली. कुठल्या तरी प्रोग्रॅमनं, ज्याला देवनागरी झेपत नव्हती, ती वाचता आली नाहीत म्हणून प्रश्नचिन्हं लिहून ठेवली. आता गाणं ऐकायचं आणि नाव पुन्हा टाइप करायचं.

चौथी एक तऱ्हा आपल्या डीटीपीवाल्यांची आहे. श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं नाव टॅगमध्ये चिकटवलं की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ते मुळात युनिकोड नसतंच. आधी फाँट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढावं लागतं.

यापुढचा घोटाळा आपल्या आदराचा. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’, ‘स्वरभास्कर भीमसेन जोशी’ हे फोनच्या लेखी तीन गायक. बालगंधर्व एकत्र लिहिलं की एक, तोडून लिहिलं की दुसरा, आणि कुणी हौसेनं नारायणराव राजहंस लिहिलं की तिसरा. सगळे पंडित ‘प’मध्ये आणि सगळे उस्ताद ‘उ’मध्ये जाऊन बसतात. यावर काही मंडळी ‘पं.’ काढूनच टाकतात. मला ते पटत नाही. 2000 साली आलेल्या टॅगच्या आवृत्तीत गायकाच्या नावाशेजारी क्रमवारीसाठी निराळी जागा दिलेली आहे. पडद्यावर पं. भीमसेन जोशी, क्रम लावताना भीमसेन जोशी. ज्या ॲपला ही जागा वाचता येते, तेच ॲप मी वापरतो.

क्रमावरून गीतरामायण आठवलं. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 पासून 19 एप्रिल 1956 पर्यंत गदिमांची 56 गीतं झाली. संगीत सुधीर फडक्यांचं, आणि फडके जन्मानं कोल्हापूरचे, त्यामुळे हा घरचा मामला. ही 56 गाणी फोनवर टाकलीत आणि फाइलींना 1, 2, 3 असे आकडे दिलेत की काय होतं? साधं ॲप आकड्यांना अक्षरं समजतं. राजारामपुरीत पोस्टमन पहिल्या गल्लीतून दुसरीत जातो, तिथून तिसरीत. हा पोस्टमन पहिलीतून थेट दहावीत, मग अकरावीत, अशी एकोणिसावीपर्यंत फेरी मारून दुसरीत येतो. आकडे काढून नुसती नावं ठेवली तर त्याहून बहार. शेवटच्या गीताची सुरुवात ‘गा’नं आहे आणि पहिल्याची ‘स्व’नं. अकारविल्हे लावलं की रामायणाचा शेवट आधी आणि सुरुवात जवळजवळ शेवटी. म्हणून आकडे 01, 02 असे दोन अंकी द्यायचे आणि टॅगमधल्या गाणं-क्रमांकाच्या रकान्यातही तेच भरायचे. केम्प यांच्या मूळ टॅगमध्ये हा रकानाच नव्हता. वर्षभरानं शेऱ्यातली थोडी जागा कापून तो घुसवला गेला.

गीतरामायणात आणखी एक अडचण. आकाशवाणीवर निरनिराळ्या पात्रांची गाणी निरनिराळ्या गायकांनी म्हटली, त्यांत माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. प्रत्येक गाण्याचा गायक बरोबर लिहिला की ॲप अल्बमचे तुकडे करून ठेवतं. त्यासाठी ‘अल्बमचा कलाकार’ असा वेगळा रकाना असतो. तिथं सगळीकडे सुधीर फडके लिहा, आणि गायकाचा रकाना खरा राहू द्या.

मला खरी गंमत वाटते ती नाट्यपदांची. ‘मानापमान’ नाटक 1911 चं. पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे पुन्हा आपल्या सांगवड्याच्या माणसाच्या. आज तुमच्या फोनवर त्यातलं एखादं पद तिसऱ्याच गायकाच्या आवाजात असतं. मग आर्टिस्ट कोण? बहुतेक फाइलींत गायक सोडून बाकी सगळे बेपत्ता झालेले असतात. दोष टॅगला देऊ नका. दुसऱ्या पिढीच्या टॅगमध्ये संगीतकाराला रकाना आहे, गीतकाराला आहे, मूळ गायकालासुद्धा आहे. रिकामे आपण ठेवलेत. आणि भरले तरी सगळं सुटत नाही. भालजींच्या 1965 च्या ‘साधी माणसं’मध्ये खेबुडकरांचं गाणं लताबाई गातात आणि संगीतकार म्हणून नाव आहे आनंदघन. आनंदघन म्हणजे लताबाईच, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. फोनला नाही. संगीतकाराच्या रकान्यात आनंदघनच लिहा, त्यांनी निवडलेलं नाव आहे ते, आणि शेऱ्यात कंसात खुलासा करा. शोधताना शेराही धुंडाळणारी ॲप मिळतात.

रागाला मात्र कुठेच जागा नाही. हवा तो रकाना नव्यानं तयार करता येतो, पण बहुतेक फोन तो दाखवत नाहीत. म्हणून राग गाण्याच्या नावातच घाला, आणि सुरुवातीला घाला. पडद्यावर नावाची शेपटी कापली जाते. फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली असतील, आणि आपल्या वयाला ठेवावीच लागतात, तर आणखी लवकर कापली जाते. ‘बसंती केदार’ आधी आला तर काम भागतं. ‘विलंबित त्रिताल, अमुक महोत्सव, सकाळचं सत्र’ आधी आलं तर फोनभर नुसती सकाळची सत्रं दिसतात.

आता बंद पडण्याचं. पडदा काळा झाला की थोड्या वेळानं गाणं थांबतं, याचं कारण बहुधा बॅटरी वाचवण्याची व्यवस्था. फोन त्या ॲपला निजवतो. सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर जाऊन त्या एका ॲपला मोकळीक द्या. ॲप उघडलं आणि एकही गाणं दिसलं नाही, तर परवानगी तपासा. अँड्रॉइड 13 पासून गाण्यांची परवानगी फोटोंपासून वेगळी मागितली जाते आणि घाईत आपण ‘नको’ दाबतो. एखादाच फोल्डर गायब असेल तर त्यात ‘नोमीडिया’ नावाची फाइल आहे का बघा. ती असली की फोन तो फोल्डर वगळून पुढे जातो. गाण्याची लांबी भलतीच दिसत असेल, पुढे सरकवलं की भलतीकडे उडी जात असेल, तर बदलत्या बिटरेटच्या एमपीथ्रीचा माथ्यावरचा तक्ता हरवलाय. संगणकावर तो पुन्हा बांधता येतो.

विलंबित आणि द्रुत यांच्या मध्ये तानपुरा क्षणभर तुटतो, ही जाणकारांची तक्रार अगदी रास्त आहे. एमपीथ्रीत आवाज 1152 नमुन्यांच्या ठरलेल्या तुकड्यांत भरतात. शेवटचा तुकडा भरून काढायला शांतता घालतात, सुरुवातीलाही थोडी असते. किती शांतता घातली याची नोंद फाइलीत असेल आणि ॲपला ती वाचता येत असेल तर जोड कळत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ शोधा. मैफल फ्लॅक प्रकारच्या फाइलीत साठवली असेल तर ही शांतता मुळात घालावीच लागत नाही.

आणि वेग. कॅसेटवरून, तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यांत हा दोष फार, आणि तो ॲप कधीच सांगत नाही. जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांच्या नव्हत्या. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो, काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गायला लागतो. सेकंदाला 44,100 नमुन्यांची फाइल 48,000 समजून वाजवली तर सूर त्याच्या दीडपट वर जातो आणि आवाज पातळ, घाईचा वाटतो. जयपूर घराण्याच्या भारदस्त गाण्याचं याहून वाटोळं दुसरं नाही.

या बाबतीत आजवरचा सर्वांत चोख टॅग केसरबाईंच्या गाण्याला लागलाय. 1977 मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यात त्यांची भैरवी आहे. तबकडी मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी वाजवायची, म्हणजे एक फेरी 3.6 सेकंदांची. ऐकणाऱ्याला सेकंद म्हणजे काय हेही माहीत नसणार, म्हणून झाकणावर सुई कुठे ठेवायची याचं चित्र कोरलं आणि वेळ हायड्रोजन अणूच्या मापात दिली. गाणाऱ्या बाई त्याच वर्षी 16 सप्टेंबरला गेल्या. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ यांचं गाणं मात्र आपल्याला तबकडीवर ऐकायला मिळत नाही.

चित्रांचं आणि अक्षरांच्या वळणाचं थोडक्यात उरकतो. एकाच डाउनलोड फोल्डरमध्ये सगळी गाणी टाकली की तिथलं एखादं चित्र बालगंधर्वांपासून डीजेपर्यंत सगळ्यांना चिकटतं, म्हणून फोल्डर वेगळे करा. आणि मराठी ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर फोनच्या भाषांच्या यादीत मराठी हिंदीच्या वर सरकवा. फाँटमध्ये सोय असेल तर आपली अक्षरं येतात.

प्रश्नोत्तरांना अर्धा तास आहे. फोन आणलेल्यांनी पुढच्या रांगेत यावं. फाइलीची दुसरी प्रत घरी आहे ना, एवढं आधी सांगा. नसेल तर त्या फाइलीला मी आज हात लावणार नाही, आधी प्रत काढू.