गाडीचे कोटेशन

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण इथे राहायला आलो तेव्हा कंपाउंडमध्ये मोजून चार गाड्या होत्या. आज पार्किंगवरून दर वार्षिक सभेत काय होतं, ते मी सांगायला नको. तेव्हा विषय सगळ्यांच्या घरातला आहे. नवी गाडी घेताना शोरूमवाले मूळ किमतीच्या खाली ज्या ओळी जोडतात, त्यांचं काय करायचं?

आधी एक कबुली देतो. बँकेत असताना मी शेकडो वाहनकर्जे मंजूर केली. प्रत्येक अर्जाला शोरूमचे कोटेशन जोडलेले असायचे आणि त्यात ‘हँडलिंग चार्जेस’ अशी एक ओळ असायची. मी मार्जिन बघितलं, पगाराची स्लिप बघितली, जामीनदार बघितला. त्या ओळीवर कधी लाल पेन फिरवलं नाही. ऑन-रोड किमतीवर कर्ज द्यायचं, म्हणजे ती रक्कमही कर्जात जायची. नऊ टक्क्यांनी सात वर्षांचं कर्ज धरा. हँडलिंगचे १०,००० रुपये फेडताना गिऱ्हाइकाच्या खिशातून साडेतेरा हजार जातात. हे गणित मला तेव्हाही येत होतं. केलं नाही, एवढंच.

गेल्या वर्षी आपल्या बी विंगमधली एक मुलगी कोटेशन घेऊन माझ्याकडे आली. नोकरीला लागून तीन वर्षं झालेली, स्वतःच्या पैशाची पहिली गाडी. “काका, बाबा म्हणाले तुम्हाला दाखव.” गाडी पेट्रोलची, एक्स-शोरूम ८,४०,००० रुपये. खाली आरटीओ १,०३,०००, विमा ४६,०००, हँडलिंग ९,५००, ‘इसेन्शियल किट’ १४,०००, फास्टॅग आणि आणखी काहीबाही.

मी तिला म्हटलं, प्रत्येक ओळीपुढे लिही, हे पैसे कोणाकडे जाणार? सरकारकडे, विमा कंपनीकडे की शोरूमकडे? लिहायला बसल्यावर सगळा कागद उलगडला.

आरटीओपासून सुरुवात केली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर ११ टक्के कर आहे, म्हणजे ९२,४००. नोंदणीचे ६००, आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन चढवायचे १,५००, बाकी किरकोळ. काही केल्या बेरीज ९७ हजारांच्या पुढे जाईना. उरलेल्या सहा हजारांना विचारल्यावर नाव मिळालं ‘एजंट सर्व्हिस’. कराची ऑनलाइन पावती निघते, तेव्हा पावतीवर जेवढी रक्कम असेल तेवढीच देऊ, असं सांगा. भांडायची गरज पडत नाही.

विम्याचं प्रकरण जरा मोठं आहे. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून. तो कोणाकडून घ्यायचा याची मात्र सक्ती नाही. शोरूममध्ये सांगतात, “सर, बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही.” कॅशलेस हा त्या विमा कंपनीचा आणि त्या गॅरेजचा करार असतो. विमा कंपनीला फोन करून विचारा, दोन मिनिटांत कळतं. आम्ही तीच आयडीव्ही, तेच झीरो डेप ठेवून बाहेरचे दर मागवले, ३५ हजारांत बसलं. तुलना करताना ह्या दोन गोष्टी सारख्या ठेवा, नाहीतर स्वस्त दिसणारा विमा पातळ निघतो.

इथे ज्येष्ठांसाठी एक सूचना. आपल्या जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस जमलेला असतो, पाच वर्षांनी तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी विकून स्वतःच्या नावावर नवी घेतली तर तो बरोबर येतो. मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर घेतली तर तुमचा बोनस त्यांना मिळत नाही. गाडी कोणाच्या नावावर, हे घरात आधी ठरवा.

आता हँडलिंग. एक्स-शोरूम याचा अर्थच शोरूमच्या दारातली किंमत. मग दारापर्यंत आणायचे पैसे वेगळे कशाला? मी सेल्समनला हेच विचारलं. तो बिचारा तरुण पोरगा म्हणाला, “सर, सगळे देतात.” मी म्हटलं, कोणत्या नियमाखाली घेता ते लेटरहेडवर लिहून दे. तो आत मॅनेजरकडे गेला, वीस मिनिटं आलाच नाही. आला तेव्हा हँडलिंग गेलं होतं. किटमधले मॅट तिला हवेच होते, ते ठेवले. बाकी काढलं.

सगळंच लुबाडणं असतं असं मात्र नाही. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लावतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो. त्यावरून वाद घालणारे एक गृहस्थ मी स्वतः बघितले आहेत.

एवढं झालं, पण एक राहिलं. तिने गुढीपाडव्याला गाडी मिळावी म्हणून ११,००० रुपये बुकिंग आधीच भरलं होतं. हँडलिंग काढल्यावर शोरूमने सांगितलं, तुमचा रंग आता तीन आठवड्यांनी येईल. रंग खरंच नव्हता की आमच्या लाल पेनचा राग होता, देव जाणे. तिच्या आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाडव्याच्या आधल्या दिवशी मुलगी विचारायला आली, “काका, देऊन टाकू का साडेनऊ हजार?” मी म्हटलं, पैसे तुझे, तू ठरव. तिने रात्रभर विचार केला आणि थांबली. गाडी एका साध्या बुधवारी आली. आजींनीच ओवाळली, आणि मला पेढा दिला.

शोरूम अजिबात ऐकेनासं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

माझ्याकडे लाल पेन अजून आहे. कोणाचं कोटेशन आलं तर संध्याकाळी पाचनंतर घेऊन या. बुकिंगची रक्कम मात्र भरून येऊ नका.