सहाव्या वर्षाची दाढ



मुलांच्या दंतरक्षणाविषयी शिक्षकांत बोलणे निघाले की दोन मते ऐकू येतात. दात हा घरचा प्रश्न, शाळेचा नव्हे, हे एक. आणि दुधाचे दात पडावयाचेच, त्यांची चिंता कशाला, हे दुसरे. दुसऱ्या मताचा विचार प्रथम करू. त्यातच पहिल्याचे उत्तर आहे.

आपल्या खानदेशात मुलाची दाढ किडलेली दिसली की घरचे सहज म्हणतात, “दूधना दात शे, पडी जाई.” दुधाचे २० दात पडतात, हे खरे. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, एकही दात न पडता, वर दोन व खाली दोन अशा चार कायमच्या दाढा उगवतात. काही पडले नाही, म्हणून नवे आल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या दुधाच्याच समजल्या जातात आणि किडीकडे दुर्लक्ष होते. अशी दाढ काढावी लागली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही. या वयाचे मूल पहिलीच्या वर्गात आपल्यासमोर बसलेले असते. म्हणून हा प्रश्न शाळेचाही आहे.

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दाताचे कठीण आवरण विरघळविते. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते; पण मूल घडोघडी गोळ्या-बिस्किटे खात राहिले, तर लाळेला तेवढा अवसर मिळत नाही. म्हणून वाढदिवसाला वर्गात चॉकलेटांऐवजी शेंगदाणे, फुटाणे किंवा रावेर-यावलची केळी वाटण्याची प्रथा पाडावी.

मध्यान्ह भोजनानंतर सर्व मुलांनी खळखळून चूळ भरावी. मात्र चूळ हा दात घासण्यास पर्याय नाही. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने, वाटाण्याएवढीच घेऊन, दात घासावेत. ज्या घरी पेस्ट नाही, तेथील कडुनिंबाच्या वा बाभळीच्या दातणाची थट्टा करू नये. त्यानेही दात स्वच्छ होतात. मिश्री मात्र तंबाखूच होय. ती मुलांच्या हाती कदापि जाऊ नये, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

महिन्यातून एकदा मुलांना उजेडात तोंड उघडावयास सांगून दाढा पाहाव्यात. बोट घालू नये. काळा डाग वा खळगा दिसल्यास नाव टिपून ठेवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतविकारांचाही समावेश आहे. शाळेत येणाऱ्या त्याच्या पथकास ती यादी द्यावी. मूल ठणक्याने रडत असेल, तर पथकाची वाट न पाहता पालकांना रुग्णालयात जाण्यास सांगावे.

यासाठी वेगळा तास नको की खर्च नको. पहिलीच्या पालकांच्या पहिल्याच सभेत एवढे अवश्य सांगा: ही मागची दाढ दुधाची नव्हे, ती जन्मभराची आहे.