हणजुण्याची रात्र आणि आपला काकडा
(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'टेक्नो' हा शब्द आपल्या हिंगोली जिल्ह्यात फारसा कुणी उच्चारत नाही. आपण सरसकट 'डीजे' म्हणतो. वरातीत वाजतो तो डीजे, गणपतीत वाजतो तोही डीजेच. पण यंत्रावरच्या या संगीताचा एक मोठा काळ आपल्या शेजारच्या गोव्यात होऊन गेला. जगभरातून माणसं तिथे नाचायला येत. त्यांच्या मागे, माडांच्या आड, जनरेटरपाशी जी पोरं बसलेली असत त्यांत आपल्याकडचाही एक होता. तो मी. १९८९ ते २००१ अशी बारा वर्षं मी म्हापशाला एका मंडप-साउंडवाल्याकडे कामाला होतो. त्या रात्रींविषयी आज थोडं बोलणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतले हिप्पी आधी कळंगुटला आले आणि गर्दी वाढली तसे उत्तरेला हणजुणे, वागातोर, शापोऱ्याकडे सरकले. नकाशात अंजुना म्हणून दिसतं तेच हे हणजुणे. पौर्णिमेच्या रात्री तिथे किनाऱ्यावर गिटार आणि ड्रम वाजत. गिल्बर्ट लेव्ही हा कॅलिफोर्नियाचा तरुण १९७० च्या सुमारास असाच तिथे पोचला. पुढे तो 'गोवा गिल' या नावाने जगभर ओळखला गेला, जुना आखाड्यातल्या एका महंतांचा शिष्य झाला, आणि २०२३ मध्ये वारला. ऐंशीच्या दशकात लोराँ नावाच्या फ्रेंच डीजेने आणि त्याच्यासारख्या आणखी काहींनी वादकांच्या जागी कॅसेट आणल्या. गाण्यातले शब्द कापायचे, ठेका तेवढा ठेवायचा आणि तो पुन्हा पुन्हा जोडत लांबवायचा, अशी त्यांची रीत होती.

त्याच सुमारास अमेरिकेत डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात, जिथे कारखान्यांना उतरती कळा लागली होती तिथे, वॉन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे कृष्णवर्णीय तरुण यंत्रांवर नवं संगीत करत होते. तेच टेक्नो. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ मध्ये तिथे एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, तिजोरीच्या खोलीत, 'ट्रेझर' नावाचा क्लब निघाला. तिकडे हे संगीत अक्षरशः जमिनीखाली वाढलं. गोव्यात ते आभाळाखाली वाढलं. तरी होतं ते अंडरग्राउंडच, कारण जाहिरात नाही, तिकीट नाही, फलक नाही. आज रात्री बांबू फॉरेस्टला की डिस्को व्हॅलीत, हे संध्याकाळपर्यंत तोंडातोंडी कळायचं.

आम्हाला मात्र दुपारीच कळलेलं असे, कारण सामान आम्हाला पोचवावं लागे. जनरेटर नाचाच्या जागेपासून लांब ठेवायचा, म्हणजे त्याची धडधड गाण्यात मिसळत नाही. वायर वाळूखालून न्यायची, नाहीतर अंधारात अनवाणी पाय अडकतात. कोरड्या वाळूत अर्थिंग मिळत नाही, म्हणून रॉडपाशी बादली-बादली समुद्राचं पाणी ओतायचं. माडांच्या मधे चमकत्या रंगांनी रंगवलेले कापडी पडदे बांधायचे आणि त्यांच्यावर काळ्या ट्यूब लावायच्या, म्हणजे अंधारात नुसते रंगच दिसत. स्टेज आम्ही कधी बांधलं नाही, ते कुणी मागितलंच नाही. डीजे कुठेतरी कडेला एका टेबलामागे बसलेला असे आणि त्याच्याकडे कुणी बघत नसे. लोक डोळे मिटून नाहीतर समुद्राकडे तोंड करून नाचत.

ग्रामोफोनच्या तबकड्या तिथे टिकत नसत. उन्हाने वाकायच्या, वाळू शिरायची. म्हणून आधी कॅसेट आणि नव्वदच्या दशकात 'डॅट' नावाच्या छोट्या डिजिटल टेप आल्या. डॅटवर दोन गाण्यांचा वेग जुळवता येत नसे. त्यामुळे ही गाणी करणारे सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला लांब भाग ठेवत, म्हणजे एक संपताना दुसरं हळूच आत येई. जगात पुढे 'गोवा ट्रान्स' म्हणून जे संगीत गाजलं, त्याची घडण अशी उन्हाने, वाळूने आणि या टेपच्या अडचणीने झालेली आहे.

मला हे सगळं ओळखीचं का वाटलं, ते सांगतो. आपल्या गावागावांत अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहारा बदलतो तेव्हा वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती खाली टेकवायची नसते. लहानपणी मध्यरात्रीच्या पहाऱ्याला मी वडिलांबरोबर बसलो आहे. देवळात चार माणसं, समईचा उजेड, आणि एकजण वीणा घेऊन उभा. हणजुण्यात जनरेटरची टाकी बघताना माझ्या डोक्यात तेच असे. मध्येच बंद पडू द्यायचं नाही. अडीच वाजता डिझेल संपत आलं तर चालू जनरेटरमध्ये ते कसं ओतायचं, हे मी त्या धास्तीपोटीच शिकलो.

आणि त्या रात्रीला एक क्रम होता. सुरुवात बेताने. दोन ते चारच्या दरम्यान संगीत इतकं काळोखं आणि कडक व्हायचं, की आम्हा कामगारांना लांब बसूनही छातीत ठोके जाणवत. मग पूर्वेला जरा फटफटलं, की डीजे हात बदलायचा. सूर मोकळे व्हायचे, चाल गोड व्हायची. त्याला ते 'मॉर्निंग म्युझिक' म्हणत. रात्रभर नाचलेली माणसं उजेडात एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा बघायची आणि हसायची. आपल्याकडे हरिजागरानंतर काकडा होतो, त्या वेळी जी तोंडं दिसतात, तशीच ती असत. दोन्हींतला भाव एक होता असं मी म्हणणार नाही. पण रात्र काढल्याशिवाय पहाट कळत नाही, हे दोन्हीकडे माहीत होतं.

हे वेळेचं भान आपल्या संगीतात मुळातच आहे. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवले, आणि एच.एम.व्ही.ने त्यांची तबकडी काढली. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग, आणि खाली डिस्कोचा ठेका. ती तबकडी चालली नाही. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या तरुणांनी त्यांतल्याच एका यंत्रावर जो आवाज काढला, त्याला जगाने नवा शोध मानलं. २०१० मध्ये चरणजितजींची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले. उतारवयात त्यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

आता त्या रात्रींची दुसरी बाजू. नाचाच्या कडेने आसपासच्या गावांतल्या बायका चटया अंथरून बसत. पुढ्यात रॉकेलची चिमणी, स्टोव्ह, चहा, आम्लेट, केक, फळं. परदेशी लोक त्यांना 'चाय मामा' म्हणत. आपल्या कानाला मामा म्हणजे पुरुष, त्यामुळे मला सुरुवातीला हसू यायचं. दमलेला माणूस चटईवर येऊन टेकायचा. कुणाला थंडी वाजली, कुणी घाबरलं, तर त्या पाणी द्यायच्या, बसवून ठेवायच्या. पार्टी कुणाचीही असो, ती सांभाळायच्या त्या.

मी ज्या घरी भाड्याने राहत होतो, तिथली सून अशीच चटई टाकायची. हंगामातल्या चहावर त्या घराचं पावसाळ्याचं धान्य भरायचं. त्याच घरात तिचा सासरा आजारी होता. पार्टीच्या रात्री सासू खिडक्यांना गोधड्या लावून त्याच्या उशाशी बसून राहायची. सकाळी सून पैसे मोजायची आणि सासू तिच्याशी बोलायची नाही. दोघींपैकी कुणाचं चुकत होतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

अमली पदार्थही त्या रात्रींत होते. आठवणी गोड लागतात म्हणून ते झाकून ठेवू नये. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजुण्याच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला आणि सगळ्या जगाने त्या किनाऱ्याकडे बोट दाखवलं. पुढे अकरा वर्षांनी, २०१९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. ज्या रात्रींत कुणी कुणाचं नाव विचारत नाही, त्यांत मोकळीक असते तसा धोकाही असतो.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांना नंतर मिळाला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या शांततेचा हक्क ठामपणे सांगितला. त्या आजारी म्हाताऱ्यासाठी हा कायदा हवाच होता, हे मी मनापासून म्हणतो. पण त्यानंतर काय झालं तेही बघा. बंद जागेत वाजवायला नियमात वाव होता, त्यामुळे संगीत किनाऱ्यावरून भिंतींच्या आत गेलं. काही ठिकाणी पार्ट्या दुपारी सुरू होऊन दहाला संपू लागल्या. पाळोळ्याला कानाला हेडफोन लावून नाचणं सुरू झालं. २००७ मध्ये कांदोळीला 'सनबर्न' महोत्सव आला. तिकीट, मोठं स्टेज, सगळ्यांची तोंडं डीजेकडे. भिंतीच्या आत चटईला जागा नसते. म्हाताऱ्याला झोप मिळाली आणि सुनेचा धंदा गेला. एकाच घरातला हा हिशेब कुठल्याही नियमात बसत नाही.

कामाची खात्री राहिली नाही, तसा २००१ मध्ये मी परत आलो. आज माझं मंडप-साउंडचं दुकान आहे. वरातीवाला पहिला प्रश्न विचारतो, "बेस किती आहे?" रात्रीचा क्रम कुणी विचारत नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज एकाच टोकाला. दहाला पोलीस येतात, खटका पडतो आणि सगळे ताटातून उठवल्यासारखे घरी जातात. म्हणून मी बुकिंगलाच सांगतो, की साडेनऊनंतर आवाज मी कमी करत जाणार, शेवटची दोन गाणी सौम्य लावणार, आणि दवाखान्यासमोर काहीच वाजवणार नाही. काहीजण दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

औंढा नागनाथाची आख्यायिका आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. नामदेवांच्या कीर्तनाची अडचण होते म्हणून त्यांना देवळाच्या मागे पाठवलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. ही गोष्ट आम्हा साउंडवाल्यांना फार आवडते. वाजवणाऱ्याला हटवू नका, असा अर्थ आम्ही सोयीने काढतो. पण नामदेव मागे गेले तेव्हा त्यांच्याजवळ कर्णा नव्हता, ही गोष्ट आम्ही विसरतो.

दहाचा नियम आपल्या सप्ताहालाही लागू आहेच. रात्री भोंगा बंद करावा लागतो. म्हणून काही वीणा थांबली नाही. टाळ हळू वाजतात, चार माणसं पहारा करतात, आणि पहाटे काकडा होतो. हणजुण्याची रात्र विजेवर उभी होती. जनरेटर थांबला की ती संपली, आणि ती परत येणार नाही. तिची आठवण मी जपतो, कारण माझी तरुण वर्षं तिच्यात गेली. पण आपल्याकडे अजून एक रात्र अशी आहे, जिला डिझेल लागत नाही. अलीकडे मध्यरात्रीच्या पहाऱ्याला माणसं मिळत नाहीत, असं गावोगाव ऐकतो. तरुण श्रोत्यांना माझी एवढीच विनंती, की या वर्षी आपल्या गावच्या सप्ताहात दोन ते चारचा पहारा मागून घ्या. पहाटेपर्यंत थांबा. नाचण्याइतकीच ती जागही अंगात भिनते.